धुरा, विहीर आणि शेजारी

(मंडळीच्या शास्त्राभ्यास वर्गासाठी धडा)

शास्त्रभाग : उत्पत्ति २६:१२–३३. जोड वाचन : १ राजे २१, लूक १९:१–१०.

धड्याचा मथितार्थ : देवाचे वचन आपणांस मिळाले आहे म्हणून शेजाऱ्याची जागा घेण्याचा अधिकार आपणांस मिळत नाही.

वाचकहो, काळ्या रानात नांगर धरणाऱ्याला धुरा म्हणजे काय हे सांगावयास नको. यंदा एक तास, पुढल्या वर्षी आणखी एक तास, असा शेजाऱ्याचा धुरा कोरीत गेले म्हणजे आपण चोरी करितो असे कोरणाऱ्याला वाटतही नाही. परंतु ज्याचा धुरा कोरला जातो तो एके दिवशी कुऱ्हाड घेऊन येतो, तेव्हा सारा गाव म्हणतो, "हा मनुष्यच मारकुटा." कज्जाचा आरंभ कोणत्या तासापासून झाला हे कोणी पाहत नाही.

हीच गोष्ट मोठमोठ्या प्रांतांतही घडली आहे. तशा दोन प्रांतांची हकीकत आज आपण शास्त्राच्या उजेडात पाहू. एक आपल्या महाराष्ट्रातील खानदेश. दुसरा अमेरिकेतील युटा. पहिल्यात भांडणाचे कारण स्पष्ट होईल, व दुसऱ्यात आपणां शास्त्र वाचणाऱ्यांस इशारा मिळेल.

१. इसहाकाच्या विहिरी

इसहाक दुष्काळामुळे गरार देशात आला. तेथे तो उपरा होता. त्याच्या पेरणीस परमेश्वराने शंभरपट पीक दिले, तेव्हा पलिष्टी लोकांच्या मनात हेवा उत्पन्न झाला. त्याच्या बापाने खणविलेल्या विहिरी त्यांनी मातीने बुजविल्या, आणि अबीमलेख राजाने त्यास निघून जाण्यास सांगितले. इसहाक गरारच्या खोऱ्यात उतरला. त्याच्या चाकरांनी विहीर खणली, तो तेथल्या गुराख्यांनी पाण्यावर हक्क सांगितला. त्याने त्या विहिरीस एसेक म्हणजे भांडण असे नाव देऊन ती सोडली. दुसरी खणली, तिजवरही तंटा झाला. तिला सितना म्हणजे वैर असे नाव पडले. तो पुढे गेला व तिसरी खणली. तिच्याविषयी कोणी भांडले नाही. तिला त्याने रहोबोथ म्हणजे मोकळी जागा असे म्हटले.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली, हा देश मी तुला देईन असे अभिवचन इसहाकाला त्याच अध्यायात मिळाले होते. तथापि ते वचन त्याने गुराख्यांच्या डोक्यावर काठीप्रमाणे उगारले नाही. दुसरी, त्याने विहीर सोडली, पण खणणे सोडले नाही. तो हताश होऊन बसला नाही व दुसऱ्याच्या श्रमावरही जगला नाही. तिसरी, ज्याने त्यास हाकून दिले होते तो अबीमलेख सलोखा करावयास आला तेव्हा इसहाकाने त्यास प्रथम जेवू घातले. शपथ दुसऱ्या दिवशी सकाळी झाली.

२. राखणदाराचा चोर कसा झाला

खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे. उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्री, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर, आणि मधून वाहणारी तापी. या डोंगरांत व त्यांच्या पायथ्याशी भिल्ल लोक पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत. जुन्या राज्यांत पुष्कळ गावांची राखण भिल्ल जागल्याकडे असे. घाटवाटा सांभाळण्याचे कामही भिल्ल नाईक करीत, व त्याबद्दल त्यांना ठरलेले हक्क मिळत. ज्याला पुढे चोर म्हटले तो मुळात गावचा राखणदार होता.

इ. स. १८०२ पासून मराठी सरदारांच्या आपसांतील लढायांत हा प्रांत लुटला गेला, आणि त्यावर १८०३–०४ चा दुष्काळ आला. गावेच्या गावे ओस पडली. राखावयास गाव उरले नाही, तेव्हा हक्क कोण देणार? भिल्ल डोंगरांत शिरले व लुटीवर जगू लागले. पेशव्यांच्या अंमलदारांनी त्यांच्याशी जे वर्तन केले ते लाजिरवाणे होते. १८०४ च्या सुमारास कोपरगाव येथे भिल्लांच्या एका मोठ्या जमावास कपटाने धरून विहिरींत टाकण्यात आले. इसहाकाने विहीर खणली ती जीव जगविण्यासाठी; या विहिरींतून मात्र केवळ अविश्वास वर आला, आणि तो पुढच्या पिढ्यांना प्यावा लागला.

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांच्या हाती आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा तेथे मुख्य अंमलदार झाला. त्याने काही नाइकांस नेमणुका देऊ केल्या, परंतु त्याबरोबरच डोंगरांत फौजाही पाठविल्या व वर जाणारा दाणागोटा अडविला. सातमाळ्यातील चिल नाईक पकडला गेला व फासावर चढला. त्याच्या जागी दुसरे उभे राहिले. एक टोळी मोडावी तो दुसरी निघावी. डोंगरातील हिवतापाने शिपाई मरत. खाली खेड्यांतील गरीब कुणब्याची गुरे जात, खळी जळत. भिल्लांनी केलेल्या लुटीने निरपराधी माणसे नागवली गेली हेही खरे आहे, आणि ते लपवून ठेवणे सत्याला धरून होणार नाही. अन्याय सोसणाऱ्याच्या हातूनही अन्याय होतो. म्हणूनच आरंभ शोधावा लागतो.

३. बंदुकीने जे झाले नाही

अशी सात वर्षे गेली. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२५ मध्ये निराळा मार्ग धरला. जुने अपराध माफ करावे, भिल्लांचे जुने हक्क चौकशी करून ठरवावे, आणि त्यांना जमिनीवर वसवावे, असे ठरले. यासाठी तीन भिल्ल एजन्स्या स्थापन झाल्या. त्यांपैकी एक कन्नड येथे होती. हे कन्नड आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातच आहे. तेथे कॅप्टन ओव्हान्स याने भिल्ल कुटुंबांस जमीन, बैल व बियाणे यांसाठी तगाई देऊन त्यांच्या वसाहती केल्या. गाऱ्हाणे ऐकणे हेच तेथील एजंटाचे मुख्य काम होते. त्याच्या कचेरीत भिल्लाला आरोपी म्हणून नव्हे, तर फिर्यादी म्हणून उभे राहता येऊ लागले. हा फरक लहान नव्हे.

दुसरी योजना भिल्ल पलटणीची. ती धरणगाव येथे लेफ्टनंट जेम्स आउट्रम याने उभी केली. तो त्या वेळी बावीस वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याने भिल्लांवर हत्यार चालविले होते; आता तो पहारा न घेता त्यांच्यात जाऊन राहू लागला. त्यांच्याबरोबर शिकार करावी, त्यांच्या नाइकांशी बोलावे, त्यांच्या मध्येच निजावे. आरंभी अवघे मोजकेच भिल्ल त्याच्या पलटणीत आले. आपणांस एके ठिकाणी जमवून ठार मारतील, अशी आवई मधून मधून उठे. कोपरगावची विहीर ते विसरले नव्हते. परंतु हत्यारबंद भिल्लांच्या मध्ये तो गोरा मनुष्य एकटा झोपतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि भीती ओसरली. पलटण हळूहळू वाढली, व ज्यांस पकडण्यासाठी फौजा धाडल्या जात त्यांच्याच हाती प्रांताची राखण पुन्हा आली.

उपदेशक बंधूंनो, येथे सावध असावे. आउट्रम हा संत नव्हे, शिपाई होता. याच पलटणीचा उपयोग पुढे इतर भिल्लांस दाबण्यासाठी झाला, आणि १८३० मध्ये त्याने डांगच्या राजांवर स्वारी केली. सरकारला शांतता हवी होती ती वसुलासाठी. तरीही एवढे खरे की सात वर्षे जे गोळीने झाले नाही ते जमीन देण्याने, गाऱ्हाणे ऐकण्याने व जवळ जाऊन राहण्याने पुष्कळ अंशी झाले. अपुऱ्या हेतूने केलेल्या योग्य गोष्टीलाही फळ येते. मग प्रीतीने केलेल्या गोष्टीला किती येईल!

४. शांतता का टिकली नाही

इसहाकाच्या शपथेप्रमाणे ही शांतता का टिकली नाही? कारण दिलेले वचन पुढच्या पिढीने राखले नाही. १८५७ मध्ये सेंधव्याच्या घाटाकडे पूर्वी सरकारी चाकरीत असलेला खाज्या नाईक भिल्लांस घेऊन उठला व त्याने आग्र्याच्या रस्त्यावर सरकारी खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणी येथे लढाई झाली. पुष्कळ भिल्ल पडले, आणि कैद झालेल्यांपैकी कित्येकांस तेथेच गोळ्या घालण्यात आल्या.

परंतु त्याहून मोठी लढाई आवाज न करता चालली होती. ओस जमीन लागवडीस आणण्यासाठी बाहेरच्या शेतकऱ्यांस उत्तेजन मिळाले. मोजणी झाली, जमिनीला किंमत आली. सावकाराच्या वहीत अंगठा उठला व कोर्टात तो अंगठाच साक्षी झाला. डोंगरावरील रान १८७८ च्या कायद्याने सरकारी जंगल ठरू लागले. ज्याचे शेत त्याचाच मुलगा त्याच शेतात सालदार झाला. तलवारीने जी जमीन गेली नव्हती ती अशी तासातासाने गेली.

शंभर वर्षांनंतर शहादे व तळोदे या तालुक्यांत हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाने आपल्या लोकांस जागे केले. त्याने भजनी मंडळे चालविली, दारू सोडविली आणि १९७२ मध्ये शहादे येथे भूमिमुक्तीचा मेळावा भरविला. दोन वर्षांनी तो मरण पावला, तथापि त्याचे श्रम व्यर्थ गेले नाहीत. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७५ साली झाला, व वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला. कायदा झाला म्हणजे जमीन मिळाली असे नव्हे. परंतु धुरा कोरला गेला होता हे सरकारने कागदावर कबूल केले.

५. शास्त्र हाती धरून आलेले लोक

खानदेशातील अंमलदारांनी अभिवचनाचा देश शोधला नव्हता. आता ज्यांनी तो शोधला अशा लोकांकडे पाहू.

अमेरिकेत मॉर्मन नावाचा पंथ आहे. त्यांच्या मतांची परीक्षा करणे हा या धड्याचा विषय नव्हे. त्यांनी छळ सोसला होता हे मात्र निर्विवाद आहे. त्यांचा पुढारी जोसेफ स्मिथ यास १८४४ मध्ये जमावाने ठार मारिले, आणि १८४६ मध्ये त्यांस आपले नगर सोडून निघावे लागले. ब्रिगम यंग याच्या मागे ते अरण्यातून चालले व जुलै १८४७ मध्ये मोठ्या खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात उतरले. आपण दुसरे इस्राएल आहोत व हा आपला देश, असे त्यांस वाटले.

परंतु देश रिकामा नव्हता. तेथे युट नावाचे लोक राहत. युटा सरोवर व त्यास मिळणारी प्रोव्हो नदी यांतील मासे हे त्यांचे मोठे अन्न. गवताचे बी झोडून त्याचेही ते अन्न करीत. १८४९ मध्ये वसाहतवाल्यांनी नेमके त्या नदीवर ठाणे बांधले. त्यांची गुरे ते गवत खाऊ लागली, व त्यांच्या जाळ्यांत ते मासे जाऊ लागले. भुकेल्या युटांनी गाय मारली की ती चोरी ठरे. नदीतील मासा कोणाचा, हे कोणी विचारीत नसे. तीन वसाहतवाल्यांनी एका युट मनुष्यास सदरा चोरल्याच्या आरोपावरून ठार मारिले, प्रेतात दगड भरून ते नदीत बुडविले आणि ही गोष्ट आपल्या वडील मंडळींपासूनही लपविली. त्यातून लढाई पेटली व पुष्कळ युट मेले.

युटांचा सरदार वाकारा याने १८५० मध्ये त्यांचा बाप्तिस्माही घेतला होता. तथापि बाप्तिस्म्याने त्याचे कुरण परत आले नाही. जुलै १८५३ मध्ये युद्ध झाले. मे १८५४ मध्ये तह झाला, व पुढच्या जानेवारीत तो मरण पावला. ब्रिगम यंग हा आपल्या लोकांस वारंवार सांगे की यांच्याशी लढण्यापेक्षा यांस खाऊ घालणे बरे. ही सल्लामसलत चांगली होती, परंतु अन्न देणे सोपे व जागा सोडणे कठीण असते. वसाहती वाढतच गेल्या. एप्रिल १८६५ मध्ये ब्लॅक हॉक नावाच्या युट सरदाराचे युद्ध सुरू झाले. त्याच जूनमध्ये युटांनी आपली भूमी सोडून युइंटा खोऱ्यात जावे असा तह ठरला, व त्याच्या मोबदल्यात पैसा देण्याचे कबूल झाले. परंतु वॉशिंग्टन येथील सेनेटने तो तह मंजूर केला नाही. लोक गेले, वचन गेले.

या युद्धातील सर्वांत काळा दिवस एप्रिल १८६६ मधला. सर्कलव्हिल गावच्या वसाहतवाल्यांनी भीतीने वेडे होऊन शेजारच्या पायूट लोकांस कोंडिले. ते युद्धात नव्हते. तरी पुरुष, बायका व मुलेही मारिली. फार लहान तेवढी सोडली. दीडशे वर्षांनी, २०१६ मध्ये, त्या गावात मेलेल्यांसाठी स्मारक उभारण्यात आले, आणि त्या कामात मॉर्मन व पायूट दोघेही होते. स्वतः ब्लॅक हॉक याने १८६७ मध्ये शस्त्र खाली ठेविले, व मरणापूर्वी रोगाने खंगलेला असता तो गावोगाव जाऊन झालेल्या रक्तपाताबद्दल क्षमा व सलोखा मागत फिरला. १८७० मध्ये तो आपल्या जन्मभूमीत मरण पावला. युद्धाला कारण झालेल्या सर्व लोकांत असा क्षमा मागत फिरणारा, ज्याची भूमी गेली तोच निघाला!

मॉर्मन हे आपले नव्हेत असे म्हणून हात धुऊ नये. अमेरिकेत इतर पंथांच्या ख्रिस्ती लोकांनीही ठिकठिकाणी हेच केले आहे. छळ सोसलेला मनुष्य आपोआप दयाळू होतो असे नाही. ज्याने अरण्य ओलांडले तो सहज समजतो की पलीकडचे सर्व माझेच बक्षीस. इसहाकाने तसे मानिले नाही. येथेच दोहोंतला फरक आहे.

६. आपल्या गावाच्या कडेला

आता आपणांकडे वळू. आपल्या मंडळ्यांतील वृद्ध माणसांनी आपल्या आईबापांकडून ऐकिले आहे की गावच्या विहिरीवर त्यांची घागर चालत नसे, आणि पाणी कोणी वरून ओतील तेव्हा मिळे. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल गाव वसविले, ते अशाच लोकांस स्वतःचे छप्पर व स्वतःचे पाणी मिळावे म्हणून. पुढे आपल्यांपैकी कित्येकांस जमीन मिळाली, कित्येकांनी गायरानावर घाम गाळून पट्टा मिळविला. हा देवाचा उपकार आहे. परंतु उपकाराबरोबर परीक्षाही येते. आता घागर आपल्या हातात आहे. मग ओंजळ कोण धरतो?

आपल्या गावाच्या कडेला पारध्यांची पाले पडतात. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये एक कायदा केला, व त्याखाली पुढे कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु जिभेवरचा कायदा अद्याप रद्द झालेला नाही. गावात चोरी झाली की बोट प्रथम पालाकडे जाते. ते बोट आपलेही असते काय? सदरा हरवला म्हणून एक मनुष्य नदीत बुडविला गेला, आणि त्यापायी एक प्रांत पेटला, हे विसरू नये.

तीन गोष्टी प्रत्येक कुटुंबाने मनावर घ्याव्या.

पहिली, धुऱ्याची. आपल्या नांगराने कोणाचा धुरा कोरला असेल तर तो मोजणीची वाट न पाहता परत बांधून द्यावा. अहाबाला नाबोथाचा मळा राजाच्या शिक्क्याने मिळाला. कागद बरोबर होता, तरी परमेश्वराने त्यास खुनी व चोर म्हटले. कागद आपल्या बाजूस असणे म्हणजे देव आपल्या बाजूस असणे नव्हे.

दुसरी, पाण्याची. मंदिराच्या आवारात हापसा किंवा विहीर असेल तर पालावरच्या बाईला तेथे घागर भरता यावी, आणि कोणी तिला हटकू नये.

तिसरी, नावाची. कोणत्याही जातीस चोर हे नाव घरात, शाळेत वा उपदेशात देऊ नये. मुले हे शब्द आपणांकडूनच शिकतात.

जक्कयाची गोष्ट पाहा. प्रभु त्याच्या घरी उतरला तेव्हा जक्कय रडून मोकळा झाला नाही. ज्यांचे अन्यायाने घेतले असेल त्यांस चौपट परत देण्यास तो उभा राहिला, आणि मग प्रभूने त्या घरास तारण प्राप्त झाल्याचे सांगितले. परत देण्यावाचून पश्चात्ताप हा सोडलेल्या सुस्काऱ्याहून अधिक नव्हे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. इसहाकाला अभिवचन असताही त्याने दोन विहिरी का सोडल्या? तो भित्रा होता असे म्हणता येईल काय?
२. भिल्ल हे राखणदार असता लुटारू कसे झाले? क्रमाने कारणे सांगा.
३. कन्नड येथील एजंटाच्या कामातील कोणती गोष्ट आपल्या पंचांस शिकण्यासारखी आहे?
४. मॉर्मन लोकांनी स्वतः छळ सोसला होता. तरी ते युट लोकांशी तसे का वागले? आपल्यात तसे होण्याचा संभव कोठे आहे?
५. अहाबाचा व जक्कयाचा शेवट यांत अंतर कशाने पडले?

उपदेशकांस सूचना. हा धडा नांगरणीपूर्वी घ्यावा. वर्गात कोणाच्या धुऱ्याचा कज्जा चालू असेल तर त्याचे नाव घेऊन बोलू नये. त्याच्या घरी जाऊन बसावे, व जमल्यास दोघांस एकाच ताटाशी बसवावे. इसहाकाने शपथेपूर्वी जेवण दिले, हा क्रम मोडू नये. वर्ग संपल्यावर सर्वांनी उभे राहून क्षणभर मनात आठवावे की आपल्या नांगराखाली कोणाचा एखादा तास तर गेला नाही ना. ज्याला आठवेल त्याने तो याच हंगामात सोडावा. शेत एका तासाने लहान होईल. परंतु रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, तेथूनच सुरू होते.